पिल्लांना दाणा नको असतो

उन्हाळा लागला की शहरातल्या गॅलऱ्यांमध्ये मातीची पसरट भांडी दिसू लागतात. एकात पाणी असते, दुसऱ्यात तांदळाची कणी किंवा बाजरी असते, आणि ‘पक्ष्यांसाठी एवढे तरी कराच’ असा संदेश सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतो. हे सगळे करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पाण्याचे भांडे मीही ठेवते आणि त्यात डासांची पैदास होऊ नये म्हणून रोज सकाळी ते घासून पुन्हा भरते. पण हाच काळ बहुतेक पक्ष्यांच्या विणीचाही असतो, आणि घरट्यातल्या पिल्लाच्या बाजूने पाहिले तर त्या बाजरीला फारसा अर्थ उरत नाही. आपल्या घरांच्या आसपास घरटी करणाऱ्या बहुतेक पक्ष्यांच्या पिल्लांना दाणा चालतच नाही. त्यांना अळ्या लागतात, कोळी लागतात, नाकतोडे लागतात. म्हणजे नेमके तेच, जे कुंडीत किंवा ओट्यावर दिसले की आपण फवारणीवाल्याला फोन करतो.

चिमणीसारखी चिमणी, जिची आखूड, जाड चोचच मुळी दाणे फोडण्यासाठी घडलेली आहे, तीही पिल्लांना पहिले काही दिवस जवळजवळ केवळ किडे भरवते. सूर्यपक्षी फुलांतला मध पितो हे शाळेत शिकलेले असते, पण त्याच्या पिल्लांच्या तोंडात बारीक कोळी आणि माश्या पडतात. फळांवर ताव मारणारा बुलबुलही सुरुवातीला अळ्याच आणतो आणि उंबराचे किंवा घाणेरीचे फळ पिल्लांना नंतर मिळते. यामागचे कारण सरळ आहे. डोळे मिटलेले, अंगावर पीस नसलेले पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवड्यांत घरटे सोडण्याच्या बेताला येते. तेवढ्या अवधीत हाडे, स्नायू आणि पिसे उभी करायची तर प्रथिने हवीत, आणि ती कणीत पुरेशी नसतात. शिवाय घरट्यात बसलेल्या पिल्लाला कोणी पाणी आणून पाजत नाही. त्याला लागणारा ओलावा अळीच्या रसरशीत शरीरातूनच मिळतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या गॅलरीत कठड्यावरून वर चढवलेली मधुमालती आहे. तिच्या गुंत्यात लालबुड्या बुलबुलांची जोडी घरटे करते. बारीक काटक्या आणि मुळे यांची वाटी, बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली, आणि हल्ली तिच्यात वेफर्सच्या पाकिटाची एखादी चकाकती पट्टीही असते. पिल्ले असतात तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून, खिडकीच्या जाळीतून, त्यांना न कळता पाहू शकते. बुलबुल येतो तेव्हा थेट घरट्यावर उतरत नाही. आधी कपडे वाळत घालायच्या तारेवर बसतो, चोचीत हिरवी अळी धरून मान तिरकी करून चहूकडे पाहतो, अळी तारेवर दोन-तीनदा आपटून निपचित करतो, आणि मग वेलीच्या मागच्या बाजूने आत शिरतो. तोवर लुळी पडलेली पिल्ले एकदम ताठ माना करून लालभडक तोंडे उघडतात. ज्याचे तोंड सर्वांत वर आणि सर्वांत मोठे, त्याच्या घशात अळी जाते. न्याय वगैरे काही नसतो. ज्याचे पोट भरलेले असते ते आपोआप मागे पडते आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याची वेळ येते.

खरी पाहण्यासारखी गोष्ट घास दिल्यानंतर घडते. आई किंवा बाप लगेच उडून जात नाही, क्षणभर थांबतो. पिल्लू वळते, बूड वर करते, आणि पांढऱ्या चिवट आवरणात बंद असलेली विष्ठेची छोटी गोळी बाहेर येते. ती घरट्यात पडण्याआधीच चोचीत धरली जाते. पिल्ले अगदी लहान असताना मोठे पक्षी ती सरळ गिळून टाकतात, पुढे ती लांब नेऊन टाकतात. त्यामुळे घरटे कोरडे राहते, वास सुटत नाही, आणि खाली पांढरे डाग पडून मांजराला किंवा कावळ्याला पत्ता लागत नाही. लंगोट बदलण्याइतकेच हे काम कंटाळवाणे असावे, पण ते चुकवलेले मी पाहिलेले नाही.

आता ही हिरवी अळी कुठून येते, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. ती आमच्या कढीपत्त्यावर असते, जास्वंदीच्या गुंडाळलेल्या पानात असते, खालच्या अंगणातल्या शेवग्यावर आणि कण्हेरीवर असते. कढीपत्ता आणि लिंबू ही तर फुलपाखरांची ठरलेली झाडे. त्यांच्या लहान अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, त्यामुळे खाणाऱ्याची नजर फसते, आणि त्यांतूनही ज्या सापडतात त्या कोणाच्या तरी पिल्लाच्या पोटात जातात. उलट नव्या इमारतींच्या दारात जी शोभेची झाडे रांगेने लावलेली असतात, त्यांतली पुष्कळशी बाहेरच्या देशांतून आलेली आहेत आणि इथल्या अळ्यांना त्यांची पाने खाता येत नाहीत. ‘या झाडाला कीड लागत नाही हो’ असे नर्सरीवाला अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या झाडावर पक्ष्यांना काही मिळणार नाही हेही तो सांगत असतो. त्यावर पुन्हा बागेसाठी पेस्ट कंट्रोलचे वार्षिक कंत्राट असते. पक्ष्यांना दाणे घालणारे आणि या कंत्राटाचे पैसे भरणारे हात बहुधा एकाच घरातले असतात.

जास्वंदीचा विषय निघालाच आहे तर शिंप्याविषयी सांगितले पाहिजे, कारण माणसाच्या इतक्या जवळ राहून इतका अदृश्य राहणारा दुसरा पक्षी मला माहीत नाही. आवाज मात्र त्याच्या आकाराला न शोभेल एवढा मोठा असतो. तळमजल्यावरच्या एका कुंडीतल्या जास्वंदीवर त्याने दोन पाने एकमेकांना शिवून घरटे केले होते. पानांच्या कडांना चोचीने बारीक भोके पाडून त्यांतून कापसाचा आणि कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवलेला होता. हा शिंपी गाठ मारत नाही. भोकातून बाहेर आलेले धाग्याचे टोक पिंजले जाऊन फुगते आणि तिथेच अडकून राहते. पाने देठापासून तोडलेली नसल्यामुळे हिरवीच राहतात, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काही आहे असे वाटतही नाही. माळ्यालाही वाटले नाही. तो कात्री घेऊन त्या कुंडीपाशी आला तेव्हा शेजारच्या काकू ओरडल्या, “अरे बाबा, ती फांदी ठेव, तिथे कोणीतरी राहतंय!” ती फांदी राहिली आणि माळी त्या कुंडीला वळसा घालून जाऊ लागला. सोसायटीने पक्ष्यांसाठी केलेल्या कामांत याहून स्वस्त आणि याहून उपयोगी काम मला आठवत नाही.

दाणा पिल्लाला चालत नाही या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि आपल्या शहरांचे आजचे रूप बऱ्याच अंशी त्या अपवादात आहे. कबुतर. कबुतराची नर आणि मादी दोघेही पिल्लांना पहिले काही दिवस अन्नपिशवीत तयार होणारा दाट, पांढरट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांनी भरलेला स्राव पाजतात, आणि मग हळूहळू भिजून मऊ झालेले दाणे. म्हणजे कबुतराला पिल्लू वाढवायला एकही किडा लागत नाही. मूळचा हा कड्याकपारींत राहणारा पक्षी. खिडकीवरचा सज्जा, एसीच्या मागची फट आणि पाइपांची डक्ट त्याला आयती कपार वाटते. चार काटक्या किंवा वायरचे तुकडे टाकले की त्याचे घरटे झाले, आणि दाणा वर्षभर मिळत असेल तर वीणही जवळजवळ वर्षभर चालते. फवारणी केलेल्या, दाणे उधळलेल्या, सिमेंटच्या शहरात कोणता पक्षी वाढेल हे यानंतर वेगळे सांगायला नको. त्यात कबुतर पिल्लांची घाण उचलून नेत नाही; घरट्याच्या कडेला तिचा थर साचतो, वाळतो, त्याची धूळ होते, आणि ती वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर काहींना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून दादरला केवढा गदारोळ झाला. एका बाजूला श्रद्धा होती, दुसऱ्या बाजूला आरोग्य होते; या दाण्याने बाकीच्या पक्ष्यांचे काय झाले, हा प्रश्न मात्र मला त्या वादात फारसा ऐकू आला नाही.

कबुतरांना रोखण्यासाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यांनी आता अर्धे पुणे झाकले आहे. जाळी लावणाऱ्यांना मी दोष देत नाही, आमच्याही शयनगृहाच्या बाजूला ती आहे. पण जाळी ताणून, घट्ट बसवलेली असावी लागते. सैल, फाटकी, वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेली जाळी म्हणजे सापळा असतो, आणि त्यात कबुतरांपेक्षा साळुंक्या आणि घुबडे अधिक अडकतात की काय असे मला पुष्कळदा वाटते.

घरटे दिसले की त्याचे रक्षण करण्याची ऊर्मी येते, आणि इथे गोष्ट अवघड होते. बुलबुलाच्या घरट्यासारखी उघडी घरटी पिल्ले उडण्याआधीच लुटली जाणे ही नेहमीची बाब आहे. कावळा लुटतो, मांजर लुटते, खार अंडी पळवते, आणि ज्याचे दर्शन शुभ मानून आपण कामाला निघतो तो भारद्वाज तर घरटी शोधण्यात पटाईत आहे. मांजराच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. घरातले मांजर आपण आणलेले असते, त्याला वाटीत दूध आणि मासळी मिळत असते, आणि विणीच्या दिवसांत त्याला आत ठेवणे आपल्या हातात असते. कावळ्याचे तसे नाही. मे महिन्यात त्याचीही पिल्ले आभाळाकडे चोची उघडून बसलेली असतात, आणि त्यांतले एखादे बहुधा कोकिळेचे असते. पितृपक्षात ज्याची वाट पाहायची त्याला मे महिन्यात दगड मारायचे, हे मला पटत नाही. घरट्यापाशी सारखे जाऊन पाहणे, फोटोसाठी पाने बाजूला करणे, वेलीची दाटी कमी करणे, यांनी मात्र कावळ्याचे काम आपणच सोपे करतो. घरटे बांधणे चालू असताना किंवा अंडी असताना फार डोकावले तर जोडी ते सोडूनही जाते.

खाली पडलेल्या पिल्लाचे काय करावे, हे दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. एकदा संध्याकाळी वॉचमनकाकांनी खालून हाक मारली.

“ताई, पिल्लू पडलंय बघा. वाटीत दूध आणलंय, पाजू का?”

“नको काका, दूध नको आणि पाणीही नको. आधी बघू या, पिसं आली आहेत का.”

दूध पक्ष्यांना पचत नाही, कारण ते सस्तन प्राण्यांचे अन्न आहे. चोच उघडून थेंबाथेंबाने पाणी सोडले तर ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू आपल्याच हातात मरू शकते. प्रश्न पिसांचा असतो. पिल्लू उघडे असेल किंवा अंगावर नुसत्या पिसांच्या नळ्या असतील, तर त्याची जागा घरट्यात आहे आणि घरटे सापडले तर त्याला उचलून तिथे ठेवायचे. माणसाचा हात लागला की आई त्याला टाकते, ही समजूत घरोघरी पक्की बसलेली आहे आणि ती खरी नाही. घरटेच पडले असेल तर छोट्या टोपलीत वाळके गवत घालून ती शक्य तितकी मूळ जागेजवळ, सावलीत बांधायची आणि लांब जायचे; पिल्लू ओरडू लागले की मोठे पक्षी त्या आवाजावर येतात. पण अंगभर पिसे, आखूड शेपूट, टुणटुण उड्या आणि चेहऱ्यावर रागावल्यासारखा भाव असेल, तर ते पडलेले नसते, घराबाहेर निघालेले असते. बुलबुलाची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात आणि आईबाप त्यांना झुडपात, कुंपणाच्या कडेला शोधून भरवत राहतात. काकांच्या वाटीजवळचे पिल्लू याच जातीचे होते. आम्ही त्याला मेंदीच्या कुंपणात सरकवले, काकांनी खुर्ची तिथून हलवली आणि मांजराला हाकलायचे काम आपणहून अंगावर घेतले. थोड्याच वेळात चोचीत नाकतोडा घेतलेला बुलबुल कुंपणावर येऊन आम्हालाच दरडावू लागला.

पंख लोंबत असेल, रक्त असेल, मांजराच्या तोंडातून सोडवलेले असेल, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये. खोक्याला भोके पाडून, आत फडके घालून, अंधारात आणि शांत जागी पिल्लाला ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला कळवावे. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतेच. पाळायच्या इराद्याने पिल्लू ठेवून घेणे हा गुन्हा आहे, हेही सांगून ठेवावे लागते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात तर शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे यांचा समावेश आहे. सज्ज्यावरचे घरटे काठीने खाली पाडणाऱ्याला आपण शिकार करतो आहोत याची कल्पनाही नसते.

काही वेळा हात घालावाच लागतो. मधुमालतीतल्या एका विणीत एक पिल्लू उडायची वेळ झाली तरी घरट्याच्या काठावर नुसते फडफडत होते. भाऊंनी स्टुलावर चढून पाहिले तर नायलॉनच्या मांजाचा, घरटे बांधताना काटक्यांबरोबर विणला गेलेला धागा त्याच्या घोट्याभोवती आवळला होता आणि वरची कातडी सुजली होती. त्यांनी पिल्लू मुठीत अलगद धरले, मी नखांच्या कात्रीचे टोक धाग्याखाली सरकवले, आणि मोठे बुलबुल डोक्यावर घिरट्या घालत असताना तो कापला. त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातलेली आहे, तरी तो संक्रांतीला आकाशात असतो आणि उन्हाळ्यात घरट्यांत असतो. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून लोकरीचे लांब धागे आणि विंचरून निघालेले केस बाहेर टाकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. टाकायचेच असेल तर वाळके गवत आणि सुटा कापूस पुरे.

लाकडी घरट्यांविषयी थोडक्यात. ती भोकात किंवा फटीत राहणाऱ्यांसाठी असतात: चिमणी, साळुंकी, दयाळ. बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत, मग २० मार्चला, चिमणी दिनी, ती कितीही वाटली तरी. चिमणीसाठी सव्वा इंचाचे भोक पुरते, त्यातून साळुंकी आत जाऊ शकत नाही. दुपारचे पश्चिमेचे ऊन लागणार नाही अशा भिंतीवर ते लावावे, नाहीतर पिल्ले आत भाजतात. आणि आजूबाजूला गवताचा एक तुकडा, मोकळी माती, फवारणी नसलेले झुडूप नसेल तर ते शोभेची वस्तू म्हणूनच भिंतीवर राहते.

राहता राहिली छाटणी. १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे शहरात झाड तोडायला परवानगी घ्यावी लागते, पण सोसायटीच्या आतली कुंपणे, वेली, झुडपे यांच्यावर कात्री केव्हा चालवायची हे आपणच ठरवतो, आणि आपण ते नेमके पावसाळ्याच्या तोंडावर ठरवतो. रस्त्याकडेच्या झाडांची पावसाळापूर्व छाटणीही त्याच सुमाराला होते, म्हणजे कावळ्यांची घरटी भरलेली असताना. फांदी गाडीवर पडू नये ही काळजी खोटी नाही, पण तीच फांदी डिसेंबरातही कापता येते. अर्थात उंच झाडांवर घारी हिवाळ्यातच अंडी घालतात, त्यामुळे पूर्ण निर्धोक असा महिना पंचांगात सापडणार नाही. कापण्याआधी वर पाहणे एवढाच त्यावर उपाय.

आमच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा बराच ऊहापोह होऊन मेंदीच्या कुंपणाची आणि वेलींची छाटणी दिवाळीनंतर करायचे ठरले, आणि बागेतली सरसकट फवारणी माळ्याच्या करारातून वगळली गेली. नारळांची उतरण पूर्वीप्रमाणे मे महिन्यातच राहिली, कारण गाडीच्या काचेपुढे कोणाचेच पक्षीप्रेम टिकत नाही. बाजरीची भांडीही राहिली. कढीपत्त्याचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. तळमजल्यावरच्या काकूंचे म्हणणे असे की भोके पडलेला पाला फोडणीला घालणे त्यांना जमणार नाही, तेव्हा निदान त्या एका झाडावर औषध मारू द्यावे. सध्या तोडगा एवढाच निघाला आहे की, मी माझ्या कुंडीतली कोवळी, धड पाने त्यांना नेऊन देते, आणि त्या ती उलटसुलट करून, चष्मा लावून, नीट पाहूनच ठेवून घेतात.